बत्तीस बोर चालतं, मग नऊ एमएम का नाही?

कोल्हापुरात बंदुकीच्या लायसन्सचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "नऊ एमएम लय जोरात लागतंय, म्हणून सरकार देत नाही." दुसरं, "वर वळख असली की सगळं मिळतंय." पहिलं चूक आहे. दुसरं अर्धवट आहे, त्याकडे पुढे येऊ.

सामान्य नागरिकाला कमरेला लावायचं शस्त्र कुठल्या बोरचं ठेवता येईल, याबद्दल आपला कायदा एकच गोष्ट बघतो: त्यात लष्कराची किंवा पोलिसांची गोळी बसते का? बसत असेल तर ते शस्त्र जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातलं राहत नाही, प्रकरण दिल्लीला जातं. गोळी किती जोरात लागते, हे या वर्गवारीत कुणी विचारतच नाही. एवढं लक्षात ठेवलं की विचित्र वाटणारे बरेच नियम सुसंगत दिसायला लागतात.

आधी बोर म्हणजे काय ते बघू. उद्यमनगरातल्या कारखान्यांत बोरिंगचं काम करणाऱ्याला हे सांगायला नको: नळीचा आतला व्यास. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये तो इंचाच्या दशांशात किंवा मिलिमीटरमध्ये मोजतात. .३२ म्हणजे इंचाचे शंभरातले बत्तीस भाग, मिलिमीटरमध्ये त्यालाच ७.६५ म्हणायची पद्धत आहे. आता कॅल्क्युलेटर काढून .३२ ला २५.४ ने गुणलंत तर ८.१३ येईल, ७.६५ नाही. घाबरू नका. बोरचे आकडे हे मोजमाप कमी आणि नाव जास्त. कुणी नळीतल्या खाचांच्या वरून मोजलं, कुणी खाचांच्या तळातून, कुणी जुन्या काडतुसाचं नाव तसंच पुढे चालवलं. बाराबोरचा हिशेब तर वेगळाच आहे: त्या नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन मिळून एक पौंड भरतं. म्हणून बारा बोरची नळी सोळा बोरपेक्षा मोठी असते, लहान नाही.

पण कायद्याला नळीच्या व्यासापेक्षा चेंबरमध्ये जास्त रस आहे. चेंबर म्हणजे नळीच्या मागची ती जागा, जिथे अख्खं काडतूस जाऊन बसतं. काडतुसात पुढे गोळी, मागे पितळी पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाला ठिणगी पाडणारी टोपी. दोन काडतुसांच्या गोळ्यांचा व्यास सारखा असला, तरी पुंगळीची लांबी किंवा बूड वेगळं असेल तर एकाचं काडतूस दुसऱ्याच्या चेंबरमध्ये बसणार नाही.

आता नियमच बघू. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालचे पहिले नियम १९६२ चे, आणि सध्याचे २०१६ चे. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांची वर्गवारी आहे. वर्ग एक (क) मध्ये येतात .३०३ आणि ७.६२ मिमीच्या रायफली, आणि या मापाचं लष्करी काडतूस ज्यात बसेल अशी दुसरी कुठलीही रायफल. .४१० ची मस्केट. आणि .३८० किंवा .४५५ ची, बुडाला बाहेर आलेली कडा असलेली काडतुसं, किंवा लष्करी ९ मिमी आणि .४५ ची बिनकडेची काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात, अशी पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन म्हणजे आखूड रायफली. "कुठल्याही बोरची" असे शब्द त्यात स्पष्ट आहेत. म्हणजे नळीवर काय कोरलंय ते गौण, आत काय जातंय ते मुख्य.

ही यादी एकदा सावकाश वाचा. .३०३ ही ली-एनफिल्ड रायफलची गोळी. .४५५ आणि .३८० ही ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वेब्ली आणि एनफिल्ड रिव्हॉल्व्हरची. .४५ बिनकडेची ही अमेरिकन कोल्ट पिस्तुलाची आणि थॉमसन गनची. ९ मिमी ही स्टेनगनची आणि ब्राउनिंग पिस्तुलाची. .४१० मस्केट म्हणजे लष्करी रायफलीच पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी बदलून केलेल्या एकनळी बंदुका. ७.६२ सोडलं तर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी एखाद्या छावणीच्या कोठारात जे पडलं असेल, त्याचीच ही यादी. स्वातंत्र्यानंतर ती कायद्यात आली आणि तिथेच राहिली.

जोरापायी बंदी असती तर हिशेब उलटा लागला असता. .३२ पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची, सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते, तिची ऊर्जा येते पावणेदोनशे ज्यूलच्या घरात. ९ मिमीची गोळी साडेसात ग्रॅमची आणि सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या वर, म्हणजे पावणेपाचशे ज्यूलच्या आसपास. फरक अडीच-पावणेतीन पट. इथवर "जोरात लागतंय" हे ठीक वाटतं. पण ज्या बाराबोरला जिल्ह्यातच परवाना मिळतो, तिच्यातून एका वेळी उडणारे छर्रे मिळून दोन हजार ज्यूलच्या पुढे जातात. आणि .३०-०६ नावाची शिकारी रायफल साडेतीन हजारांच्याही पुढे. ही .३०-०६ अप्रतिबंधित बोरमध्ये, म्हणजे वर्ग एकच्या बाहेर मोडते! तिच्या नळीचं माप ७.६२ मिमीच आहे, पण तिची पुंगळी लांब, त्यामुळे लष्कराचं ७.६२ चं काडतूस तिच्यात नीट बसत नाही. झालं, सुटली. आपल्याच इशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफलही अशीच. नऊ एमएमपेक्षा कितीतरी पट ताकदीची, आणि तरी सामान्य परवान्यावरची.

हा विचार इंग्रजांचा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद केलं, युरोपियनांना मात्र सूट होती. पण धास्ती नुसत्या बंदुकीची नव्हती, दारूगोळ्याची होती. चोरलेली बंदूक गोळ्या संपल्या की लोखंडाचा दांडा उरतो. मात्र बाजारात तीच गोळी विकत मिळत असेल तर ती बंदूक जिवंत राहते. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोरच्या रायफलींवर बंदी घातली ती याच धास्तीने, कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोरच्या होत्या आणि त्या नको त्या हातांत फिरत होत्या. गंमत पुढे आहे. हत्ती-वाघाच्या शिकारीला येणारी साहेब मंडळी अडली, तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी थोडी जाड गोळी काढली आणि धंदा चालू ठेवला. बंदी आली की नवं माप जन्माला येतं, हे तेव्हापासूनचं.

लष्कराची मापं वगळल्यावर कमरेच्या शस्त्रासाठी उरतं काय? मुख्यतः .३२, .२२ आणि .२५. त्यात .३२ जिंकलं, कारण स्वसंरक्षणाला निदान पुरेसं समजलं जाणारं तेवढंच होतं. कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर, इशापूरचं 'अशनी' पिस्तूल, २०१४ साली महिलांसाठी म्हणून काढलेली अर्ध्या किलोची 'निर्भीक' ही सगळी बत्तीसच. 'निर्भीक'ची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती. त्यात परदेशी शस्त्र खासगी माणसाने आयात करणं १९८० च्या दशकापासून बंद, म्हणून आजोबांच्या वेळची विलायती बत्तीस आज लाखांनी विकली जाते. वस्तू म्हणून ती तेवढ्याची असते असं मला वाटत नाही, पण हौसेला मोल नाही.

इथे एक व्यावहारिक खाचखळगा आहे. सगळी बत्तीस सारखी नसतात. टेबलावर दोन्ही काडतुसं शेजारी उभी केली की लगेच दिसतं: रिव्हॉल्व्हरचं काडतूस उंच, आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कडा, ज्यामुळे ते फिरत्या चकरीत अडकून राहतं आणि मागून ओढून काढता येतं. पिस्तुलाचं काडतूस बुटकं, कडा नावापुरती, कारण मॅगझिनमध्ये एकावर एक रचताना कडा अडकायला नको. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला चालत नाहीत. बुडावर कारखान्याची खूण असते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'केएफ'. दुकानात नुसतं "बत्तीसच्या द्या" म्हणून भागत नाही, शस्त्र कुठलं ते सांगावं लागतं, आणि परवान्यावर त्याची नोंद लागते.

आता दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे ओळखीकडे. अप्रतिबंधित बोरचा परवाना कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी देतात. पुण्या-मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. वर्ग एकमधल्या शस्त्रासाठी मात्र केंद्रीय गृह मंत्रालय. तिथे अर्जदाराला दाखवावं लागतं की दहशतवादी वगैरेंकडून आपल्या जिवाला गंभीर आणि नजीकचा धोका आहे, किंवा आपण करत असलेल्या सरकारी कामामुळे आपण लक्ष्य आहोत. ऊसदराच्या आंदोलनात कुणी दम दिला, किंवा गुजरीत सोन्याचं दुकान आहे, एवढ्यावर ते होत नाही. साध्या परवान्याला कारण म्हणून ते चालू शकेल. दिल्लीच्या परवान्याला नाही. ओळखीने काय होतं त्याच्या सुरस कथा गावात भरपूर आहेत. कागदावर काय आहे ते हे.

मग परवान्याचं शस्त्र 'लपवून बाळगणं' हा प्रकार काय? माझ्या भावकीतला एक जण टेक्सासला असतो, त्याच्याशी बोलताना तिथलं डोकं वेगळं चालतं हे कळलं. अमेरिकेत बऱ्याच काळापासून शस्त्र उघड बाळगणं एक आणि कपड्याखाली झाकून बाळगणं दुसरं, आणि झाकून बाळगायला कित्येक राज्यांत वेगळा परवाना, अशी रीत आहे. आज निम्म्याहून जास्त राज्यांनी तोही परवाना काढून टाकलाय. बोरची मर्यादा तिथे जवळजवळ नाहीच. संघराज्याचा कायदा अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नळीला वेगळ्या, कडक वर्गात टाकतो, खेळाच्या शॉटगन वगळून. टेक्सासमध्ये तर उलटी मर्यादा होती: परवान्याच्या नेमबाजी परीक्षेला .३२ पेक्षा लहान बोरचं शस्त्र चालत नसे. २०१७ मध्ये ती अटही गेली. म्हणजे आपल्याकडे जे माप जवळजवळ कमाल, तेच तिथे किमान होतं.

आपल्या पंगतीला बसणारे देश दुसरे आहेत. मेक्सिकोत नागरिकाला .३८० पिस्तूल किंवा .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरपर्यंत जाता येतं. ९ मिमी पॅराबेलम, म्हणजे तेच लष्करी नऊ एमएम, आणि .३५७ मॅग्नम लष्करासाठी राखीव. इटलीत ९ मिमीचं लष्करी काडतूस नागरिकांना इतकी वर्षं बंद होतं की तिथल्या लोकांनी पुंगळी दोन मिलिमीटरने लांब असलेलं ९ बाय २१ चं काडतूस पत्करलं. चेंबर वेगळं, कायदा खूश. २०२२ पासून तिथली ती बंदी उठली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४५० चं जे केलं, तेच हे.

भारतात झाकून बाळगण्यासाठी वेगळा परवाना नाही. उलट २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे झाकणं ही सवलत नाही, सक्ती आहे. शर्ट खोचून, होल्स्टर बाहेर ठेवून मंगल कार्यालयात पाहुण्यांचं स्वागत करणारे यजमान आपण सगळ्यांनी बघितलेत. त्यांचा परवाना खरा असेल, मिरवणं मात्र नियमात बसत नाही. आणि वरातीत हवेत बार काढणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाची कमाल शस्त्रं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली.

कोल्हापूरकरांनी परवान्यावरची एक ओळ नीट वाचायलाच हवी, ती म्हणजे वैधता क्षेत्र. बऱ्याच परवान्यांवर फक्त महाराष्ट्र राज्य असतं. आपल्याला निपाणीला लग्नाला जाणं म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणं वाटतच नाही. पण कागल ओलांडून कोगनोळीचा नाका येतो, तोवर कर्नाटक लागलेलं असतं. तिथे तुमच्या कमरेची बत्तीस, अगदी अप्रतिबंधित बोरची, झाकलेली, पैसे भरून घेतलेली, विनापरवाना शस्त्र ठरू शकते. गगनबावड्याच्या घाटातून खाली कोकणात उतरलात तर महाराष्ट्रच आहे. आंबोलीतून गोव्याला निघालात तर नाही. नेहमी सीमेपलीकडे जाणाऱ्याने क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज करावा. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचंही असंच, सगळ्यांची सरसकट जमा होतात हा समज आहे. कुणाची घ्यायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते.

शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड भागात पिकात गवे आणि रानडुकरं येतात, आणि पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना ही जुनी सोय कायद्यात आहे. तिथे मिळते ती ठासणीची किंवा गुळगुळीत नळीची बंदूक, पिस्तूल नव्हे. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नाही. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. रानडुकरासाठीसुद्धा वन खात्याची परवानगी लागते. बार काढायचा तो आवाजाने हुसकावण्यापुरता.

आणि नेमबाज? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, एवढी नावं घेतली तरी या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. राहीचं २५ मीटरचं पिस्तूल आणि स्वप्निलची पॅरिसला कांस्य मिळवणारी ५० मीटरची रायफल, दोन्ही .२२ ची, म्हणजे ५.६ मिमी. दहा मीटरला ४.५ मिमीचा हवेचा छर्रा. नावाजलेल्या खेळाडूंना शस्त्रांच्या संख्येत सूट आहे. हवेच्या बंदुकीच्या बाबतीत मात्र कायदा खरोखरच जोर मोजतो: २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिमी बोर ही त्याची रेघ. तिच्या आतल्या छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. लष्कराची गोळी तिच्यात जायचा प्रश्नच नसतो, म्हणून बहुधा इथेच कायदा ज्यूलवर आला.

पेपरात "गावठी बनावटीचे पिस्तूल व जिवंत काडतुसे जप्त" अशी बातमी आठवड्याआड येते. तिथे बोरचा वाद शिक्षेच्या वेळी निघतो. साधं विनापरवाना शस्त्र सापडलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. प्रतिबंधित शस्त्र ठरलं तर सात ते चौदा. म्हणून न्यायवैद्यक तज्ज्ञ पहिल्यांदा हेच तपासतो, की हे हत्यार चालतं का, आणि यात कुठलं काडतूस बसतं. आणखी एक, काडतुसालाही परवाना लागतो. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्याच्या शोकेसमध्ये आठवण म्हणून ठेवलेली एकच जिवंत गोळी, विमानतळावर बॅगेत सापडली तर आठवण राहत नाही, गुन्हा होतो. जाणूनबुजून ताबा होता का, हे नंतर कोर्टात ठरतं. मधली दगदग चुकत नाही.

शेवटचा प्रश्न जुन्या वाड्यांचा. संस्थानी काळातल्या किंवा फौजी घरात ट्रंकेच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर निघतं, आणि घरचे म्हणतात, "आजोबांचं लायसन होतं की." लायसन्स आजोबांचं होतं, ते त्यांच्याबरोबर संपलं. वारसाला आपल्या नावाने नवा अर्ज करावा लागतो, आणि तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा ठेवावं लागतं. नळीवर .४५५ किंवा .३८० दिसलं तर समजा की जिल्ह्यात काम होणार नाही. दुरुस्त करूनही उडणार नाही असं, निव्वळ पुरातन मोलाचं शस्त्र कायद्याच्या कलम ४५ खाली वगळलेलं आहे, पण ते तसं आहे की नाही हे घोडा ओढून घरी ठरवू नका. गोळ्या असतील तर त्या वेगळ्या काढून, दोन्हीची यादी करून, वकील किंवा गावचा पोलीस पाटील बरोबर घेऊन ठाण्यात जा, आणि नंबरासकट पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.